आना याक्शिच : एका आरोपाचे वाचन

रशियाचा पहिला झार इव्हान चौथा, ज्याला जग ‘भयंकर इव्हान’ म्हणून ओळखते, त्याच्या दोन्ही आज्या परक्या मुलखातून आलेल्या होत्या. वडिलांची आई सोफिया पालेओलोगिना ही कॉन्स्टँटिनोपलच्या शेवटच्या सम्राटाची पुतणी. आईची आई आना याक्शिच ही सर्बियन सरदारघराण्यातली. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या हाती गेले आणि सर्बियाची शेवटची राजधानी स्मेदेरेवो १४५९ मध्ये. म्हणजे बुडालेल्या दोन राज्यांतल्या दोन मुली पुढे मॉस्कोच्या राजघराण्याला जोडल्या गेल्या. सोफियावर ग्रंथ आहेत, नाटके-चित्रपट आहेत. आनाच्या वाट्याला मात्र बहुतेक पुस्तकांत एकच वाक्य येते : १५४७ च्या आगीनंतर मॉस्कोच्या जमावाने हिला चेटकीण ठरवले.

मी पदव्युत्तर वर्गाला चरित्रलेखन आणि त्याची साधने हा विषय शिकवतो. ज्या व्यक्तीचा स्वतःचा शब्द कुठेच ऐकू येत नाही आणि जिच्याविषयीचा सर्वांत ठसठशीत मजकूर शत्रूच्या तोंडचा आहे, तिचे चरित्र वाचायचे कसे, हा प्रश्न वर्गात दर वर्षी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने येतो. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या बाईची गोष्ट प्रत्येकाला पाठ असते आणि म्हणूनच तिच्याकडे साधन म्हणून पाहणे विद्यार्थ्यांना जड जाते. दूरच्या उदाहरणाने ते सोपे होते. आना याक्शिचचे उदाहरण मी त्यासाठी निवडतो. एकाच आरोपाची वेगवेगळ्या काळची रूपे तिच्या बाबतीत एकाखाली एक ठेवून पाहता येतात.

आधी घराणे. याक्शिच म्हणजे ‘याक्शाचे’. मूळ पुरुष याक्शा हा सर्बियाचा शासक ज्युराज ब्रान्कोविच याच्या पदरी सेनानी होता. सर्बियाचे राज्य गेल्यावर त्याचे मुलगे स्तेफान आणि दिमितार उत्तरेला सरकले आणि हंगेरीचा राजा मात्याश याच्या सेवेत शिरले. राजाने त्यांना मारोश नदीकाठचे नादलाक दिले. गाव हंगेरीतले, राजा कॅथलिक, लढाई तुर्कांशी आणि देवघर मात्र सर्बियन ऑर्थोडॉक्स, असा त्या घरचा संसार होता. आना ही स्तेफानची मुलगी. तिची बहीण येलेना हिचा विवाह योव्हान ब्रान्कोविच याच्याशी झाला, ज्याच्याकडे निर्वासित सर्बांचा ‘देस्पोत’ हा किताब होता. मुलगी कुठे द्यायची याचा विचार हे घर किती काटेकोरपणे करत असेल याची कल्पना एवढ्यावरून येते.

याक्शिच बंधूंना सर्बियन लोकांनी गाण्यांत जपले. व्हुक काराजिच याने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या लोकगीतांत ‘याक्शिचांची वाटणी’ नावाचे एक गीत आहे. त्यात भाऊ दिमितार आणि बोग्दान. राज्य बिनतक्रार वाटून घेतात आणि एका काळ्या घोड्यावरून व एका ससाण्यावरून भांडतात. दिमितार शिकारीला जाताना बायकोला, आन्जेलियाला, सांगतो की मी परत येईपर्यंत माझ्या भावाला विष दे. ती विचारात पडते. मग माहेरहून आलेला पेला द्राक्षारसाने भरते, दिराकडे जाते, त्याच्या हाताला ओठ लावते आणि मानाच्या बदल्यात घोडा आणि ससाणा मागून घेते. तिकडे रानात ससाण्याचा पंख मोडतो. पंखावाचून कसे वाटते, असे दिमितारने विचारल्यावर पक्षी जे उत्तर देतो त्याने त्याला भावाची आठवण होते आणि तो घराकडे धावत सुटतो. घरी भाऊ जिवंत असतो. विष द्यायला सांगितलेल्या सुनेने घर सांधलेले असते.

हे गीत इतिहास नव्हे. बोग्दान नावाचा भाऊ इतिहासातल्या त्या जोडीत नाही. तरी मी ते मुद्दाम सांगतो. ज्या घराण्याच्या सुनेला सर्बियन गाण्याने विषाचा पेला बाजूला ठेवणारी म्हणून लक्षात ठेवले, त्याच घराण्याची लेक मॉस्कोच्या बखरीत नेमकी उलट भूमिकेत दिसते. माणसे तीच नाहीत, पण घराणे एकच आहे. त्याची गाणी त्याच्या लोकांनी लिहिली, आरोप परक्यांनी.

आनाचा नवरा वासिली ल्वोविच ग्लिन्स्की. ‘रशियन सरदारघराण्यात लग्न झाले’ असे आपण सहज म्हणतो, पण लग्नाच्या वेळी ग्लिन्स्की हे मॉस्कोचे नव्हते, लिथुआनियाच्या महाराज्याचे मानकरी होते. आपला वंश ते मामाय या तातार सेनापतीपर्यंत नेत. हा मामाय १३८० मध्ये कुलिकोव्होच्या लढाईत मॉस्कोकडून हरला होता. वासिलीचा भाऊ मिखाईल हा त्यांच्यातला खरा कर्तबगार, पश्चिम युरोप फिरून आलेला, महत्त्वाकांक्षी. त्याने १५०८ मध्ये राजा सिगिस्मुंडविरुद्ध बंड केले, ते फसले आणि सारे भाऊबंद बायका-मुलांसह मॉस्कोच्या आश्रयाला गेले. आनाच्या आयुष्यातले हे दुसरे स्थलांतर. वडिलांनी सर्बियातून हंगेरी गाठली होती, लेक लिथुआनियातून मॉस्कोला आली. पुढे नवरा वारला, दीर मिखाईल १५१४ मध्ये फितुरीच्या आरोपाखाली तुरुंगात पडला आणि परक्या राजधानीत मुलाबाळांसह ही विधवा उरली.

आणि मग १५२६ साली तिची मुलगी येलेना मॉस्कोची महाराणी झाली.

वासिली तिसरा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. पहिली राणी सोलोमोनिया हिला वीस वर्षांत मूल झाले नाही म्हणून तिला बळेच मठात पाठवून त्याने हे दुसरे लग्न केले. जुन्या मॉस्कोकर सरदारघराण्यांतल्या मुली सोडून पळून आलेल्या, काका तुरुंगात असलेल्या घरातली मुलगी का निवडली? ऑस्ट्रियाच्या बाजूने मॉस्कोला दोनदा वकील म्हणून गेलेल्या हर्बरश्टाइनने आपल्या १५४९ च्या पुस्तकात कारणे दिली आहेत. त्यांत एक कारण आनाशी थेट जोडलेले आहे : मुलीचे आजोळ हंगेरीतल्या एका नामांकित घराण्याचे होते आणि ते घराणे ग्रीक, म्हणजे ऑर्थोडॉक्स, पंथाचे होते. मात्र हर्बरश्टाइन त्या घराण्याचे नाव ‘पेत्रोविच’ असे लिहितो. सर्ब तिला आना याक्शिच म्हणतात, रशियन बखरी ‘राजकन्या अन्ना ग्लिन्स्काया’ म्हणतात आणि जर्मन वकिलाच्या लेखी ती पेत्रोविचांची. रशियनमध्ये ‘ग्लिन्स्की’चे स्त्रीलिंगी रूप ‘ग्लिन्स्काया’ होते. ज्या नावाने तिच्यावर आरोप झाला त्यात माहेरचे एक अक्षरही नाही.

मधला काळ भराभर सांगता येतो. १५३० मध्ये इव्हान जन्मला. १५३३ मध्ये वासिली गेला आणि येलेना अज्ञान राजाच्या नावाने राज्य पाहू लागली. तिने नाण्यांची पद्धत एक केली, आणि स्वतःच्या काकाला, त्याच मिखाईलला, पुन्हा तुरुंगात टाकले. तो तिथेच मेला. १५३८ मध्ये ती अचानक वारली. पुढे तिच्या अवशेषांत पारा सापडला, आणि विषप्रयोगाची शंका आजही घेतली जाते. पारा तेव्हा औषधांत आणि प्रसाधनांतही वापरत, तेव्हा शंका ती शंकाच. सात वर्षांचा इव्हान आईवडिलांवाचून वाढला. शुइस्की, बेल्स्की अशी सरदारघराणी दरबारात एकमेकांना पाडत राहिली. या मुलाला आजोळ होते : मामा युरी, मामा मिखाईल आणि आजी आना. सोफिया त्याच्या जन्माआधीच, १५०३ मध्ये, वारली होती.

जानेवारी १५४७ मध्ये सोळा वर्षांच्या इव्हानला झार म्हणून राज्याभिषेक झाला तेव्हा ग्लिन्स्कींचा तारा डोक्यावर होता. इथे आनाला निव्वळ बिचारी करून चालणार नाही. त्याच महिन्यात दोन तरुण सरदारांना देहदंड झाला आणि तो मिखाईल ग्लिन्स्की व त्याची आई आना यांच्या सांगण्यावरून झाला, अशी नोंद एका बखरीत आहे. नोंद विरोधकांच्या बाजूची असू शकते. पण सत्तेच्या इतक्या जवळ असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा शब्द चालत होता, हे मानायला अडचण नाही. आरोप खोटा ठरवण्यासाठी आरोपी निष्पाप असावा लागत नाही, हे विद्यार्थ्यांना मी इथेच सांगून टाकतो.

२१ जून १५४७. अरबात भागातल्या एका चर्चमधून आग निघाली. वारा जोराचा होता, शहर लाकडाचे होते. आग क्रेमलिनमध्ये शिरली, राजवाडा, खजिना, शस्त्रागार, चर्चमधल्या मूर्तिचित्रांसह सगळे जळाले. वयोवृद्ध धर्मगुरू मकारी यांना दोरीने तटावरून खाली सोडताना दोर तुटला आणि ते जबर जखमी झाले. मृतांचा आकडा बखरी सतराशे आणि त्याहून जास्त असा वेगवेगळा देतात. राजा जवळच्या वोरोब्योवो गावी मुक्कामाला गेला. पाच दिवसांनी, २६ जूनला, सरदारांनी क्रेमलिनमधल्या उस्पेन्स्की चर्चसमोरच्या चौकात लोकांना गोळा केले आणि विचारले, मॉस्को कोणी जाळले?

उत्तर आले : अन्ना ग्लिन्स्कायाने, तिच्या मुलांसह. तिने माणसांची काळजे काढली, ती पाण्यात ठेवली आणि शहरभर हिंडून ते पाणी शिंपडले. त्याने मॉस्को पेटले.

युरी ग्लिन्स्की तिथेच होता. आईचे नाव ऐकताच तो चर्चमध्ये शिरला. चर्चमध्ये रक्त सांडणार नाहीत एवढा भरवसा त्याला असावा. जमाव मागोमाग आत गेला. राजाच्या सख्ख्या मामाला त्यांनी चर्चमध्येच मारले, प्रेत ओढत बाहेर काढले आणि गुन्हेगारांना देहदंड देण्याच्या जागी नेऊन टाकले. ग्लिन्स्कींच्या नोकराचाकरांना ठार केले, घरे लुटली. तीन दिवसांनी लोक ढाली-भाले घेऊन वोरोब्योवोला धडकले आणि आजी व मिखाईल यांना आमच्या हवाली करा, असे राजालाच म्हणाले. ती दोघे तिथे नव्हती, दूर र्झेव्हकडच्या आपल्या जहागिरीवर होती. राजाने जमावाला परत पाठवले आणि मग म्होरक्यांना पकडून शिक्षा दिल्या.

आता हा मजकूर आपल्यापर्यंत कसा आला ते पाहू, कारण धडा खरा तिथे आहे. घटनेनंतर सहा-आठ वर्षांत लिहिलेल्या अधिकृत बखरीत काळजांची गोष्ट नाही. मॉस्कोच्या सामान्य लोकांनी मोठ्या दुःखाच्या आवेगात युरीला मारले, एवढेच. १५६४ मध्ये इव्हानने फितूर होऊन लिथुआनियाला गेलेल्या कुर्ब्स्कीला लांबलचक पत्र लिहिले. त्यात गोष्ट आहे, पण ती लोकांची नव्हे, सरदारांनी लोकांना पढवलेली म्हणून. त्यानंतर तयार झालेल्या सचित्र राजबखरीत समासात मजकूर वाढवलेला आहे. चौकातली सवाल-जबाबाची जी हकिगत मी वर दिली ती तिथली. चिथावणी देणाऱ्या सरदारांची नावेही तिथे आहेत. ही भर खुद्द राजाच्या नजरेखाली पडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आनावरचा आरोप सविस्तर नोंदवून ठेवला तो तिच्या शत्रूंनी नव्हे, नातवाच्या बाजूने. त्याला आजी चेटकीण होती असे म्हणायचे नव्हते. माझे सरदार किती नीच होते, हे म्हणायचे होते. आरोप जपला गेला तो दुसऱ्या आरोपाचा पुरावा म्हणून.

त्याच समासातल्या मजकुरात एक वाक्य असे आहे की मी ते वर्गात दोनदा वाचायला लावतो. लोक असे का बोलले, याचे कारण तिथे दिले आहे : ग्लिन्स्की तेव्हा राजाच्या मर्जीत होते आणि त्यांची माणसे गोरगरिबांवर जुलूम करत, लुटत, आणि ग्लिन्स्की त्यांना आवरत नसत. हे गाऱ्हाणे स्पष्ट आहे, त्यात काळीज नाही, पाणी नाही. जुलूम करणारे ग्लिन्स्कींचे नोकर, त्यांना न आवरणारे घरातले पुरुष, आणि चौकात पुकारले गेले ते पहिले नाव म्हातारीचे. तेही ती शहरात नसताना.

चेटूक हा शब्दही नीट पाहिला पाहिजे. मराठीत ‘जादू’ म्हटले की खेळ आठवतो, ‘चेटूक’ म्हटले की बाई आठवते आणि ‘करणी’ म्हटले की कोणावर केली हा प्रश्न येतो. मॉस्कोतला आरोप ‘करणी’च्या जवळचा आहे, फक्त ती माणसावर नसून शहरावर आहे. आणि तिची रीत ऑर्थोडॉक्स चर्चच्याच एका विधीची उलटी प्रतिमा आहे. पुरोहित मंत्रलेले पाणी शिंपडून घर, शेत, वाट पवित्र करतो. इथे काळजाचे पाणी शिंपडून घर पेटते. पाण्याने आग लागते, ही विसंगती कोणाला खटकली नाही, कारण उलटेपणा हाच तर पुरावा होता. माझे हे वाचन कोणाला पटो न पटो, परक्या पंथाची बाई यासाठी लागत नव्हती हे लक्षात घ्यावे. आना पंथाने त्यांच्यातलीच होती. तिचा परकेपणा रक्ताचा आणि वाटेचा होता.

शिवाय मॉस्कोच्या दरबाराला हा शब्द नवा नव्हता. १४९७ मध्ये सोफियाकडे औषधी पाला घेऊन वाईट चालीच्या बायका येतात, असे म्हणून तिसऱ्या इव्हानने त्या बायकांना रात्री मॉस्को नदीत बुडवले होते. १५२५ मध्ये सोलोमोनियाला काढायचे ठरले तेव्हा मूल व्हावे म्हणून ती मंत्रतंत्र करणाऱ्या बायका बोलावत होती, अशा साक्षी गोळा झाल्या. त्याच वर्षी बेर्सेन नावाच्या एका दरबाऱ्यावर खटला झाला. सोफिया ग्रीकांना घेऊन आली तेव्हापासून आपला देश ढवळला गेला, असे त्याचे म्हणणे होते. राणी नकोशी झाली, वारस नको असला, बाहेरचे माणूस वर चढले की हाच शब्द हाताशी येई. १५४७ मध्ये फरक एवढाच की तो दरबारातून चौकात आला.

इव्हानने आपल्या पत्रात या आरोपाला उत्तर दिले आहे आणि ते मला त्याच्या सगळ्या लेखनात विशेष वाटते. एरवी तो धर्मवचनांचा मारा करतो, शिव्या देतो. इथे मात्र तो हिशेब मांडतो. आम्ही आमचेच शहर कशाला जाळू? आगीत वडिलोपार्जित ठेवा आमचाच गेला. आणि संत इव्हानच्या चर्चएवढ्या उंचीवर पाणी शिंपडणार तरी कसे? आजीची बाजू घेताना या माणसाने मोजमापाचा आधार घेतला. चौतिशीच्या उंबरठ्यावरचा हा झार पुढच्याच वर्षी स्वतः हजारोंवर फितुरीचे आरोप ठेवणारी यंत्रणा उभी करणार होता. तिथे असा हिशेब कोणी मागितला नाही.

सर्बियन लेखक आनाविषयी लिहितात तेव्हा सूर अर्थातच वेगळा असतो. क्रेमलिनच्या अर्खांगेल्स्की चर्चमधल्या भित्तिचित्रांत सर्बियाचे संत साव्हा आणि कोसोव्होच्या लढाईत पडलेला राजा लाझार आहेत. इव्हानच्या सचित्र बखरीत कोसोव्होची हकिगत आहे. आथोस पर्वतावरच्या हिलांदार या सर्बियन मठाला त्याने मॉस्कोत जागा दिली. हे सारे आजीने नातवाला सांगितलेल्या गोष्टींचे फळ, असे ते मांडतात. मांडणी मोहक आहे. पण तुर्कांच्या ताब्यातल्या सर्व ऑर्थोडॉक्स मठांचा आश्रयदाता होण्यात नव्या झारचा राजकीय फायदा होता आणि तेवढे कारणही पुरते. आजीच्या मांडीवर नातवाला बसवण्याची घाई चेटकिणीच्या गोष्टीइतकीच सोयीची असते, म्हणून मी वर्गात दोन्ही कागद शेजारी ठेवतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिखाईल ग्लिन्स्कीने लिथुआनियाला पळून जाण्याचा बेत केला, तो फसला आणि राजाने त्याला माफ केले. ग्लिन्स्कींचा जोर संपला. आरोप मात्र वाढत राहिला. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या एका बखरीत काळजे आणि पाणी यांच्या जागी वेगळीच गोष्ट आहे : अन्ना मॅगपाय होऊन उडाली आणि तिने शहर पेटवले. मॅगपाय आपल्याकडे नाही, पण कावळ्याच्या कुळातला आपला टकाचोर हा त्याचा जवळचा नातलग. लांब शेपटी, कर्कश आवाज आणि चोरीची बदनामी दोघांचीही सारखी. याच काळात मॉस्कोत आणखी एक परकी राणी आली होती, पोलंडची मारिना म्निशेक. तिचा नवरा, तोतया दिमित्री, १६०६ मध्ये मारला गेला आणि ती वाचली. कशी वाचली, हे रशियन लोकगीते सांगतात : मॅगपाय होऊन खिडकीतून उडून गेली.